जुना स्टॉक शोधावा की नवी बाटली घ्यावी?

माझ्याकडे एकाच परफ्यूमच्या दोन बाटल्या आहेत. एक २०१७ची, तळाशी दोन बोटं उरलेली. दुसरी गेल्या दिवाळीतली. नाव तेच, खोकंही तेच. आवडता सेंट हल्ली पातळ लागतो, अशी ज्यांची तक्रार आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

तक्रार खरी आहे. माझ्या सेंटसारख्या बऱ्याच सुगंधांचा तळ, म्हणजे शेवटपर्यंत टिकणारा वास, ओकमॉसवर उभा असतो. ओकमॉस म्हणजे सावजी मसाल्यातल्या दगडफुलाचं भाऊबंद. त्यातल्या अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉलमुळे काहींच्या त्वचेला अ‍ॅलर्जी होते, म्हणून युरोपीय संघाने २०१७च्या नियमाने दोन्ही बंद केले. जुना माल हटवायला ऑगस्ट २०२१पर्यंत मुदत होती. १ मार्च २०२२पासून लिलिअल हे सुगंधी रसायनही तिथे बंद झालं. कारण रास्तच आहे, पण अंगाला धरून राहणारा भाग त्यात हलका झाला.

मे महिन्यात सकाळी नऊला डाव्या मनगटावर नवी मारली, उजव्यावर जुनी. सुरुवात नवीचीच छान, लिंबाच्या सालीसारखी टवटवीत. जुनीची पहिली पाच मिनिटं जरा उग्र, स्पिरिटसारखी; वयाने वरचा लिंबूपणा उडालाय. डबा खायच्या वेळी डाव्या मनगटावर काहीच नव्हतं. आपलं नाक सरावतं, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या मित्राला हुंगायला लावलं. त्यालाही उजव्यावरच वास आला. संध्याकाळी घरी आलो तेव्हाही तो होता. पूर्वी धुण्याच्या बादलीतल्या शर्टाची कॉलर दुसऱ्या दिवशीही दरवळायची. नवी लावायला लागल्यावर आईने विचारलं, "काऊन रे, आजकाल सेंट लावत नाई का?"

मला खरा ताप झाला तो वेगळाच. दुपारी पुन्हा मारावी लागते म्हणून नवी बाटली गाडीच्या डिक्कीत ठेवायला लागलो. पारा ४५च्या वर, गाडी दिवसभर उन्हात. पंधरा दिवसांत रंग कोऱ्या चहासारखा झाला आणि वासाला खवट तेलाची झाक आली. जवळजवळ भरलेली बाटली वाया गेली. जी टिकत नाही ती सोबत न्यावी लागते, आणि आपल्या उन्हाळ्यात सोबत नेलेली खराब होते. माझा कौल तिथेच पडला.

एसीतलं ऑफिस असेल, किंवा बंद वर्गात शिकवायचं असेल, तर नवी कदाचित बरीच. शेजाऱ्याला त्रास नाही. बाहेर फिरण्याचं काम असेल तर मी जुनी शोधेन, थोडे पैसे जास्त गेले तरी. घेताना खोक्यावरची घटकांची यादी वाचा. त्यात 'ब्युटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल' (लिलिअलचं यादीतलं नाव) दिसलं, तर युरोपीय सेंटचा माल लिलिअल बंद होण्याआधीच्या फॉर्म्युल्याचा समजायला हरकत नाही. ते नसलं म्हणून नवाच असं मात्र नाही, सगळ्याच सेंटांत ते नव्हतं. आणि बाटली दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हं खात उभी असेल, तर कितीही जुनी असो, घेऊ नका. माझी कपाटात रजयांखाली असते.