स्ट्रॅप बटण हलवायला दिलं आणि ट्युनर गेले

तुमच्याकडे एसजी आकाराची गिटार असेल आणि कोणी "नेक बॅलन्सिंग करून देतो, बटण हलवणं त्यातच आलं" असं म्हणालं, तर गिटार परत कव्हरमध्ये घाला आणि निघा. नेक बॅलन्सिंग नावाचं वेगळं काम नसतंच. माझ्या बिलावर मात्र ते होतं, ४८०० रुपयांना.

या गिटारीचा आजार जुना आहे. गिब्सनने १९६१ मध्ये लेस पॉल मॉडेलची बॉडी पातळ केली, दोन्ही बाजूंना टोकदार शिंगं काढली. एसजी हे नाव तिला दोनेक वर्षांनी मिळालं. वरच्या फ्रेटपर्यंत, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपर्यंत, हात आरामात पोचावा म्हणून नेक बॉडीच्या बराच बाहेर आहे, आणि पुढचं स्ट्रॅप बटण, म्हणजे गळ्यातला पट्टा अडकवायचं बटण, नेकच्या टाचेमागे, नेक बॉडीला जुळतो तिथे. बॉडी हलकी, नेक लांब. साहजिकच गुरुत्वमध्य त्या बटणाच्या अगदी जवळ जातो. डावा हात सोडला की हेडस्टॉक, म्हणजे नेकचं टोक, जमिनीकडे निघतं. स्ट्रॅटोकास्टरला हा त्रास फारसा होत नाही, कारण तिचं वरचं शिंग बाराव्या फ्रेटच्या आसपास पोचतं आणि बटण त्याच्या टोकाला असतं. एसजीचं बटण टाचेवरून वरच्या शिंगावर नेलं तर ते दोन-तीन बोटंच हेडस्टॉककडे सरकतं, पण पुष्कळदा तेवढंही पुरतं.

हे सगळं माहीत होतं. दिलेलं काम एवढंच, की बटण वरच्या शिंगाच्या मागच्या बाजूला बसवा आणि जुनं भोक बुजवा. माझ्याकडे ड्रिल नाही आणि लाखेला तडा जाऊ नये, म्हणून कारागीर शोधला. ओळखीतूनच नाव मिळालं. दुकानात एका भिंतीवर दोन तंबोरे टांगलेले, आणि पहिल्या पाच मिनिटांत "आम्ही मूळचे मिरजेचे, सतारमेकर गल्लीतले" हे ऐकवून झालं. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना जीआय मानांकन मिळालंय, तिथल्या कारागिरांबद्दल मला आदर आहे. हा माणूस खरंच तिथला होता की नाही कोण जाणे. तंबोऱ्यांवर धूळ मात्र जाड होती.

"दादा, नुसतं बटण हलवून भागणार नाही," काका म्हणाले. "डोकं जड आहे हिचं. डोकं हलकं केलं पाहिजे."

हे वाक्य खोटं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. ट्युनर, म्हणजे तारा सुरात लावायच्या हेडस्टॉकवरच्या खुंट्या, टेकूपासून (इथे स्ट्रॅप बटणापासून) सर्वांत लांब असतात, त्यामुळे तिथे थोडं वजन उतरलं तरी तोलात फरक जाणवतो. बंद डबीचे जड ट्युनर काढून हलके बसवणं हा या आजारावरचा मान्य उपाय आहे. मी स्पष्ट म्हटलं, "काका, पार्ट काहीच बदलू नका, फक्त बटण." "बरं बरं, ॲडजस्ट करतो," एवढंच उत्तर. पैसे आगाऊ यूपीआयने घेतले. पावती मागितली तर "व्हॉट्सॲपवर टाकतो".

गिटार घरी आणून गळ्यात अडकवली तर तोल झकास! हात सोडला तरी नेक आडवा राहिला. मी दोन मित्रांना काकांचा नंबरसुद्धा दिला.

मग सूर टिकेनात. वाजवताना ओढली की 'जी' सुराची तार खाली उतरायची, पुन्हा लावली की पुन्हा खाली. तारा नव्या होत्या, नटमध्ये (नेकच्या टोकाशी तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीत) अडकतही नव्हत्या. आमच्या बँडमधल्या बेसवाल्याने गिटार उलटी केली. त्याचा बेस थंडरबर्ड आकाराचा, म्हणजे हाच आजार दुप्पट, त्यामुळे त्याची नजर आधी हेडस्टॉकवरच जाते. "हे तुझे ट्युनर नाहीत," तो म्हणाला.

खरंच नव्हते. आकार आणि चकाकी तशीच, पण हातात घेतले तर पोकळ खेळण्यासारखे हलके. ट्युनरची चावी उलट फिरवली की खुंटी फिरायला लागेपर्यंत मधे मोकळा झोल. मागे प्रत्येक ट्युनरच्या शेजारी तांबूस ठिपका दिसत होता. नखाने खरवडला तर मेण निघालं, खाली जुन्या स्क्रूचं भोक. चेरी रंगाशी जुळणारं मेण शोधून सहाही भोकं बुजवली होती. एवढी कलाकारी बटणाच्या कामात दाखवली असती तर!

कारण बटणाची तऱ्हा वेगळीच. ते शिंगाच्या मागच्या बाजूला नाही, थेट टोकात ठोकलं होतं. एसजीची शिंगं कडेला तासलेली असतात, टोकाला लाकूड फार कमी उरतं. स्क्रू काढला. खालच्या फेल्ट वॉशरने झाकलेल्या जागी लाखेला चांदणीसारखे तडे. भोक इतकं मोठं पाडलं होतं की स्क्रू धरेना, म्हणून आत आगपेटीच्या काड्या कोंबल्या होत्या. टाचेतून निघालेला मूळ स्क्रू लांब होता, हा त्याच्या निम्माही नाही. एखाद्या कार्यक्रमात गिटार पायावर आली असती.

दुकानात गेलो तर काकांचा सूर बदललेला. "तुम्हीच म्हणालात डोकं जड आहे." जुने पार्ट? "भंगारात गेले." माझे ट्युनर भंगारात जाण्यातले नव्हते. मी गिटार सोपवण्याआधी काढलेले फोटो दाखवले, त्यात हेडस्टॉकची मागची बाजू स्क्रूसकट दिसत होती. त्यावर ते आत गेले आणि सहापैकी चार घेऊन आले. दोन "हरवले". पैसे परत करणार नाही म्हणाले.

हे काम नीट कसं होतं ते लिहून ठेवतो. आधी भोक पाडूच नका. बुटाची जाड नाडी शिंगाला घट्ट गुंडाळा, स्ट्रॅपचं टोक तिला बांधा आणि उभं राहून बघा. तोल सुधारत नसेल तर बटण हलवून उपयोग नाही, आतून खरखरीत असलेला रुंद चामड्याचा पट्टा घ्या. सुधारत असेल तर शिंगाच्या मागे, लाकूड जाड आहे तिथे जागा ठरवा. ड्रिलचं पातं स्क्रूच्या आट्यांइतकं नाही, आतल्या दांड्याइतकं जाड हवं. पात्यावर टेप गुंडाळून खोलीची खूण करतात, नाहीतर टोक पुढून बाहेर येईल. भोकाच्या तोंडाशी लाख थोडी तासतात, म्हणजे स्क्रू आवळताना ती उचकटत नाही. आट्यांना साबण. जुन्या भोकात लाकडी खुंटी सरसाने. बटणांची जोडी शंभर-दोनशे रुपयांत येते आणि काम तासाभराचं आहे. कोणी हजारांत आकडा सांगितला तर कशाचे, ते एकेक विचारा.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. पावती नसली तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं संभाषण जपून ठेवलंय. "फक्त बटण" हा माझा मेसेजही त्यात आहे. ज्या दोन मित्रांना नंबर दिला होता त्यांना फोन केलाय. त्यातल्या एकाची गिटार अजून तिथेच आहे, उद्या आम्ही दोघं ती आणायला जातोय.