गोष्टी सांगायला शिकवणारा संच: कार्डं ठेवणार, ॲप काढणार

वर्गणी संपत आल्याचा मेसेज सारखा येतोय, म्हणून एकदाचं लिहून टाकते. मुलाने वाचलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी, यासाठीचा हा संच: त्यात पाच कार्डं आणि एक ॲप; ॲपमध्ये मुलाची गोष्ट टिपणारा रेकॉर्डर आणि प्रश्नमंजूषा.

माझा सगळा राग ॲपमधल्या त्या रेकॉर्डरवर. मूल गोष्ट सांगताना जरा थांबलं की टिंग! रेकॉर्डिंग बंद, आणि पडद्यावर 'छान प्रयत्न'. अहो, दोन भाषांत वाढणारं मूल शब्द शोधायला थांबणारच! लेक छताकडे बघत 'मग ती छत्री...' म्हणते, तेवढ्यात टिंग. शेवटी तिने टॅब पालथा घालून ठेवला. त्यात मराठी गोष्टीत एखादा इंग्रजी शब्द आला की गुण कापतात. शब्द दुसऱ्या भाषेतला आला म्हणून गोष्ट कळली नाही, असं थोडंच आहे? तक्रार केली, तर म्हणे ॲप काढून पुन्हा टाका. त्याने थांबायची मुभा कशी वाढणार, हे विचारल्यावर तक्रार 'निकाली'.

तीन पर्यायांची प्रश्नमंजूषा तर चित्र बघूनही सुटते. पुढे.

पात्र, ठिकाण, अडचण, खटपट, शेवट ही पाच कार्डं मला सुरुवातीला निव्वळ भरताड वाटली होती. आता मत पार बदललंय. आमचं दुखणं असं की लेक धडाधडा वाचते, पण काय वाचलंस विचारलं की गप्प. गॉफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी 1986 साली मांडलेलं सूत्र इथे चपखल बसतं: आकलन म्हणजे लिहिलेलं उलगडून वाचणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य.

म्हणून ही भाषा समजण्याची बाजू पक्की करायला इंग्रजीत वाचायचं, कार्डं समोर मांडून आधी मराठीत सांगायचं, मग इंग्रजीत, असा क्रम लावला. गोष्टीचा सांगाडा एका भाषेत पक्का बसला की दुसऱ्या भाषेत फक्त शब्दांशी झगडायचं उरतं. पूर्वी नुसती 'मग'ची आगगाडी असायची: छत्री हरवली, मग ती रडली, मग घरी गेली. परवा 'अडचण'वर बोट ठेवून म्हणाली, 'जाताना ऊन पडलं होतं ना, म्हणून छत्री झाडाखालीच राहिली.' 'म्हणून' आलं! पुस्तकात हे कारण सरळ लिहिलेलंही नाही, तिने चित्रातल्या उन्हावरून जुळवलं. इंग्रजीत सांगताना अजून अडखळते, पण घटनांचा क्रम चुकत नाही.

मात्र एवढ्यासाठी वर्षाची वर्गणी? छे. पाच कागदी चिठ्ठ्यांवर हेच होतं, आणि फोनमधला साधा रेकॉर्डर मूल कितीही थांबलं तरी मुकाट ऐकतो. नवीन घेणार असाल तर आपोआप नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करा. ते बटण 'माझं खातं'मध्ये नाही, 'मदत'च्या आत दडवलंय.