अंगावर एक वळ नव्हता तरी त्यांनी सगळं लिहून घेतलं – पोलिसांच्या आवारातल्या महिला विशेष कक्षाचा माझा अनुभव

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईल. शहर कुठलं ते सांगत नाहीये, केस चालू आहे आणि लेक अजून त्याच शाळेत जाते. पण ही सोय महाराष्ट्रात बऱ्याच जिल्ह्यांत आहे, पोलिसांच्याच आवारात असते, 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' अशी पाटी असते. 1984 साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने म्हणजे टिसने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात पहिला सुरू केला, मग हळूहळू राज्यभर झाले. आत ज्या ताई बसतात त्या पोलीस नसतात, समाजकार्य शिकलेल्या असतात, आणि एक रुपया घेत नाहीत. हे एवढं जरी मला आधी कुणी सांगितलं असतं ना तरी मी दोन-तीन वर्षं आधी गेले असते.

आधी माझं थोडं सांगते नाहीतर रिव्ह्यू कळणार नाही. लग्नाला अकरा वर्षं. नवऱ्याने कधी हात उचलला नाही. दारू नाही, सिगरेट नाही, सोसायटीत कुणाची गाडी बंद पडली तर धक्का मारायला पहिला हा, त्यामुळे माझं कुणाला खरंच वाटत नाही. घरात मात्र पगाराचं एटीएम कार्ड त्याच्याकडे, भाजीच्या हिशोबात दहा रुपये चुकले तर जेवणाचं ताट तसंच सरकवून उठायचा, आणि मग अबोला. सगळ्यात मोठा अबोला सतरा दिवसांचा होता, मी कॅलेंडरवर पेन्सिलने बारीक टिंबं करून ठेवली होती. मैत्रिणीचा फोन आला की स्पीकरवर टाक म्हणायचा. माझी चेष्टा लेकीसमोर, 'तुझ्या आईला काय कळतंय' असं हसत हसत, आणि मी रडले की 'बघ, हिला गंमत पण कळत नाही'. मी निघून जाईन म्हटलं की जीव देण्याची धमकी. आणि वर, 'घर माझ्या वडलांच्या नावावर आहे, तुझी इथं एक वीट नाही.'

माहेरी सांगितलं तर आई म्हणाली, मारत तर नाही ना गं, मग थोडं सोसायला लागतं बाईमाणसाला. आईवर राग नाही माझा, तिने स्वतः जे सोसलं त्याच्यापुढे तिला माझं खरंच कमी वाटलं असणार. पण त्यानंतर मी कुणाला सांगायचंच बंद केलं.

मग एक दिवस भांड्यांच्या दुकानात चहाची गाळणी घ्यायला गेले. चाळीसची एक होती, साठची एक होती. मला ठरवताच येईना. चाळीसची घेतली तर टिकत नाही म्हणेल, साठची घेतली तर उधळी म्हणेल, म्हणून त्याला फोन लावला, उचलला नाही, परत लावला, परत लावला. हाताला घाम आला होता माझ्या. गल्ल्यावर बसलेल्या मावशी म्हणाल्या, पोरी, गाळणी घ्यायला कुणाला विचारतेस? मी न घेताच बाहेर आले आणि रिक्षा स्टँडच्या मागे उभी राहून रडले. मी ऑफिसात रोज लाखोंच्या एंट्र्या करते हो. त्याच संध्याकाळी ऑफिसातल्या एका सिनियर ताईंना पहिल्यांदा सगळं सांगितलं, त्यांनी 181 ला फोन लावून दिला. ती सरकारची महिला हेल्पलाइन आहे, चोवीस तास असते. तिथून या कक्षाचा पत्ता मिळाला. तरीही जायला मला पाच आठवडे लागले. दोनदा गेटपर्यंत जाऊन परत आले, कारण डोक्यात एकच, मी दाखवू काय यांना? ना वळ, ना रक्त, ना डॉक्टरचा कागद.

तिसऱ्यांदा आत गेले. गेटवरच्या हवालदाराने मोठ्याने विचारलं, काय काम, नवऱ्याची तक्रार का? चार लोकांनी वळून बघितलं. इथेच पाव स्टार गेला.

आत खोली लहान. दोन टेबलं, मधे कपाटाचा आडोसा, पलीकडच्या बाईचं सगळं ऐकू येतं. बाकडं भिंतीला लावलेलं. पंधरा-वीस मिनिटं थांबले, मग ताईंनी बोलावलं, पाणी दिलं. मला वाटलं होतं त्या पहिलं विचारणार, मारलं का. त्यांनी विचारलं, आज घरी परत जाताना भीती वाटतेय का? तिथेच माझा बांध फुटला.

त्यांनी मग एकेक विचारलं. तो पाठलाग करतो का, फोन तपासतो का, जीव देण्याची धमकी किती वेळा, घरात लेकीसमोर काय काय होतं, रात्री अचानक बाहेर पडावं लागलं तर जवळ कोण आहे. बाई निघायचं ठरवते तेव्हाच धोका वाढतो म्हणाल्या, आजवर हात न उचललेला माणूससुद्धा तेव्हा कसा वागेल सांगता येत नाही, म्हणून आधी तयारी. सोड असंही म्हणाल्या नाहीत, नांद असंही नाही. 'तुम्हाला काय हवंय ते तुम्ही ठरवा, वेळ घ्या' एवढंच. मला हे सुरुवातीला पचलंच नाही, खरं सांगते. अकरा वर्षांत मला काय हवंय हे कुणी विचारलंच नव्हतं, मला उत्तरच देता येईना. पुढच्या वेळी सांगते म्हटलं आणि निघून आले. त्यांनी ढकललं नाही.

तिसऱ्या भेटीत त्यांनी तालुक्याच्या संरक्षण अधिकारी मॅडमशी गाठ घालून दिली. हे सरकारी पद आहे, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं, तो कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्या मॅडमनी एक छापील फॉर्म काढला, घरगुती घटनेचा अहवाल म्हणतात त्याला. आणि या फॉर्मबद्दल मला जरा जास्तच लिहायचंय.

त्यात शारीरिक, लैंगिक हे रकाने तर आहेतच. त्याच्या खाली 'शाब्दिक आणि भावनिक' असा वेगळा भाग आहे आणि त्यात एकाखाली एक ओळी. चारित्र्यावर संशय घेणं. मुलगा झाला नाही म्हणून टोमणे. कमी लेखणारं बोलणं. टिंगल. नावं ठेवणं. नोकरी करू न देणं. अमुक माणसाला भेटू न देणं. त्याच्या खाली आर्थिक – खर्चाला पैसे न देणं, पगार काढून घेणं, स्त्रीधन न विचारता विकणं किंवा गहाण टाकणं. मॅडम वाचत गेल्या, मी हो, हो म्हणत गेले, टिक, टिक. आणि मला एकदम काटा आला, की हे माझं घर यांनी आधीच छापून ठेवलंय! म्हणजे माझ्यासारख्या इतक्या बाया येऊन गेल्यात की सरकारला त्याचा रकाना करावा लागला. अकरा वर्षं मला वाटत होतं की मीच हळवी आहे, माझंच काहीतरी चुकतंय, हे एवढुसं दुखणं घेऊन कुणाच्या दारात जायचं. आणि इथे त्याला नाव आहे, कलम आहे. कलम 3 मध्ये सरळ लिहिलंय, भावनिक आणि आर्थिक त्रास हीसुद्धा हिंसा. सतरा दिवसांचा अबोला कुठल्याच ओळीत बसेना तर मॅडमनी 'इतर' मध्ये माझ्याच शब्दात लिहिला, कॅलेंडरवरच्या टिंबांसकट. बळ कुठून आलं असं आता लोक विचारतात, तर मला त्या रकान्यातून आलं. निघायचं मी त्या दिवशी बाहेरच्या बाकड्यावर बसून ठरवलं.

बाहेर एक पोलीस ताई विचारत होत्या, 498 करायची का? म्हणजे 498अ, नवरा किंवा सासरचे छळ करतात त्याचं जुनं कलम. आता ते भारतीय न्याय संहितेत कलम 85, 86 झालंय, फौजदारी आहे. कक्षातल्या ताईंनी शांतपणे फरक समजावला, की ते गुन्ह्याचं, आणि 2005 चा कायदा हा संरक्षण, राहायची जागा, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा यासाठी, दोन्ही करता येतं, एकच करता येतं, निर्णय तुमचा. मी सध्या दुसराच निवडला. वडलांच्या नावावरच्या घराचं विचारलं तेव्हा कळलं की 2020 मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, घर सासूसासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सून तिथं संसार करत असेल तर ते कायद्याने 'सामाईक घर' धरलं जाऊ शकतं. म्हणजे अकरा वर्षं जिथली एक वीट माझी नव्हती तिथं राहायचा माझाही हक्क असू शकत होता! तरी मला तिथं राहायचंच नव्हतं. मग भाड्याचे पैसेसुद्धा मागता येतात म्हणाल्या, कोर्टाच्या अर्जात तेही घातलं. लग्न न करता नवराबायकोसारख्या एकत्र राहणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू होतो, बाकड्यावर शेजारी बसलेली पोरगी त्यासाठीच आली होती.

तयारी जी करून घेतली ती मला सगळ्यात उपयोगी पडली. वेगळ्या बँकेत नवीन खातं, पगार तिकडे वळवला. आधार, रेशनकार्ड, लेकीचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, दागिन्यांच्या पावत्या, सगळ्याची झेरॉक्स ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. फोनमधलं गुगल खातं त्याच्या लॅपटॉपवर उघडं होतं, माझं लोकेशन त्याला दिसत होतं, हे तर मला माहीतच नव्हतं! पण लगेच बंद करू नका म्हणाल्या, त्याला संशय येईल, निघायच्या दिवशी करा. त्याने दिलेल्या धमक्यांचे मेसेज डिलीट न करता सिनियर ताईंच्या फोनवर पाठवून ठेवले. घरातून कपड्यांची एकच बॅग, तीही लेकीच्या स्नेहसंमेलनाच्या ड्रेसच्या नावाखाली. कुठेच जागा नसती तर अडचणीतल्या बायांसाठी सरकारचं जे सखी वन स्टॉप सेंटर असतं त्यात पाच दिवसांपर्यंत राहता येतं असं सांगितलं होतं, मला गरज पडली नाही, सिनियर ताईंकडे राहिले आणि मग वर्किंग वुमन्स हॉस्टेल बघितलं, पण तिथे मुलांना घेत नव्हते म्हणून शेवटी एक खोली.

नंतर कक्षाने त्याला पत्र पाठवून बोलावलं. एकत्र बैठकीला मी नाही म्हणू शकत होते, तेही त्यांनी आधी स्पष्ट केलं. मी गेले. तो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, गोड बोलत, मॅडम तुम्हीच समजवा हिला, हिचा स्वभाव फार हळवा आहे. मला पोटात गोळा आला, आता या पण त्याच्या बाजूने होणार. ताईंनी फॉर्म उघडला आणि विचारलं, हिचं एटीएम कार्ड कुणाकडे आहे? तो म्हणाला, घरातल्या गोष्टी आहेत या. त्या म्हणाल्या, हो, त्याच विचारतेय. कार्ड त्याने तिथेच टेबलावर ठेवलं.

आता उरलेला पाव स्टार. संरक्षण अधिकारी मॅडमकडे दुसऱ्या दोन कामांचा चार्ज आहे, दोनदा हाफ डे टाकून गेले आणि त्या दौऱ्यावर. मुलांना बसवायला जागा नाही, लेकीला तिथलं सगळं ऐकत बसावं लागलं, यावर कुणीतरी खरंच काहीतरी करा, एक पडदा आणि चार खेळणी एवढंच लागतं. कोर्टाचं म्हणाल तर कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत आणि साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न. माझी पहिली तारीखच सहा आठवड्यांनी लागली. पण तो दोष कक्षाचा नाही म्हणून त्याचे मार्क कापले नाहीत. वकील फुकट मिळाली, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, कमावती असली तरी मिळते, 1987 चा कायदा आहे. 15100 वर फोन करून विचारता येतं.

आणि निघाल्यावर एकदम छान वाटतं असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. पहिला महिना मला त्याची आठवण यायची, त्याच्या चहाच्या वेळेला मी आपोआप उठायचे. परत जावं का असं तीनदा वाटलं आणि एकदा तर फोन हातात घेऊन बसले होते. ताईंना हे सांगायची लाज वाटत होती. त्या म्हणाल्या, बऱ्याचजणी जातात परत, तुम्ही गेलात तरी इथलं दार उघडंच आहे, फाइल बंद करत नाही आम्ही. मी गेले नाही. रात्री झोप नाही आली की 14416 वर, म्हणजे टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर बोलायचे, मराठीत बोलतात, तेही फुकट.

आई मागच्या महिन्यात येऊन राहून गेली. काही बोलली नाही. जाताना माझ्याकडून तो फॉर्म मागून घेतला, चष्मा लावून सगळा वाचला, भावनिकच्या पानावर बराच वेळ थांबली, आणि घडी करून परत दिला.

पुढची तारीख 14 ला आहे.