गार धूर, साफ धूर: समुद्राकाठी आठ महिने पाइप ओढून

मे महिन्यात हा पाइप घेतला, आता जानेवारी सरत आला. म्हणजे उन्हाळ्याचं शेपूट, सगळा पावसाळा आणि आमच्याकडे थंडी म्हणून जे काही पडतं ते, असं तिन्हीत वापरून झालं आहे. घेण्याआधी पंधरा-पंधरा दिवसांचे अनुभव बरेच वाचले होते, त्यांच्या भरवशावरच पैसे घातले. पंधरा दिवसांत हा पाइप कुणालाही आवडेल. मलाही आवडला होता.

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी जहाजावर इंजिन रूममध्ये फिटर होतो, एकवीस वर्षं. पाइपची सवय तिथलीच. आता घर देवबागला. पुढे समुद्र, मागे कर्लीची खाडी, मधल्या वाळूच्या पट्टीवर आम्ही. भिंतीत लोखंडी खिळा ठोकला तर कॅलेंडर बदलायच्या आत तो गंजून गळतो. पाइपच्या गोष्टीत खिळा कशाला, ते कळेलच.

वस्तू अशी आहे. दांडी अ‍ॅल्युमिनियमची, मोटारसायकलच्या इंजिनाला असतात तशा तिला बाहेरून चकत्या. तंबाखूची वाटी ब्रायरची. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ, अतिशय टणक आणि सहजी न जळणारी. वाटी आट्यांवर फिरवून दांडीवर बसवायची, आट्यांना पितळेचं कडं. वाटीच्या बरोबर खाली दांडीला एक खोलगट जागा, धुरातलं पाणी साचायला. तोंडाच्या बाजूला ९ मिलिमीटरचा फिल्टर, त्यात अ‍ॅक्टिव्हेटेड कोळशाचे दाणे. खोक्यावर छापलंय: गार धूर, साफ धूर. कंपनीचं नाव लिहीत नाही, या घाटणीचे पाइप बरेच जण करतात.

गार, हे अगदी खरं आहे. आणि का खरं आहे ते मला लिहायलाच हवं, कारण यात माझी अर्धी नोकरी गेली.

लोकांना वाटतं, निखाऱ्यावरून आलेला धूर म्हणून जीभ भाजते. तसं नाही. नळीतून येईपर्यंत धूर पुष्कळ निवलेला असतो. नुसत्या गरम हवेत उष्णता मुळात असते ती केवढी! चटका देते ती वाफ. तंबाखूत ओल असतेच, शिवाय कुठलंही पान जळताना नवं पाणी तयार होतं, तेही वाफ होऊन धुराबरोबर निघतं. १०० अंशांच्या एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना साधारण ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. ती तुमच्या जिभेवर पडायची की दांडीच्या आतल्या भिंतीवर, एवढाच प्रश्न आहे. लाकूड उष्णता बाहेर जाऊ देत नाही. अ‍ॅल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून जास्त वेगाने ती वाहून नेतं, आणि चकत्यांमुळे वाऱ्याला अंग जास्त मिळतं. थोडक्यात, हा खिशात मावणारा कंडेन्सर आहे. त्यामुळे पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी खाडीवरच्या वाऱ्यात बसून ओढताना, जिभेला काही म्हणजे काही झालं नाही. वर्षानुवर्षं टोकाला सोलवटलेली जीभ बरी झाली. मी खूश.

खोक्यावर 'नवं तंत्रज्ञान' असंही आहे, ते मात्र सोडून द्या. डब्लिनच्या चार्ल्स पीटरसननी वाटीखाली पाणी साचवण्याच्या युक्तीचं पेटंट १८९० सालीच घेतलं होतं. धातूची दांडी रेडिएटरसारखी वापरायची कल्पनाही जुनीच, १९३०च्या दशकात सिअ‍ॅटलमधल्या कर्स्टन नावाच्या विमानविद्येच्या प्राध्यापकांनी तसा पाइप काढला होता. आणि आमच्या पणजोबांची गुडगुडी कुठे ठेवायची? करवंटीत पाणी, वर मातीची चिलीम, बाजूला बोरूएवढी नळी. आतेला ती अजून आठवते. धूर पाण्यातून काढला की साफ होतो ही समजूतही तेवढीच जुनी. हुक्क्याचा शोध अकबराच्या दरबारातल्या हकीम अबुल फत्ह गिलानींनी लावला असं सांगतात. पण हकीम वारले १५८९ मध्ये, आणि त्याच दरबारातला असद बेग विजापुराहून तंबाखू घेऊन अकबरासमोर गेला तो १६०४च्या सुमाराला. आता जुळवा.

मग आला पावसाळा.

जूनच्या मध्यापासून पाइप गुरगुरायला लागला. झुरका घेतला की आत पाणी खळखळायचं, आणि दोनदा ते कडू पाणी थेट तोंडात आलं. ती चव लिहून सांगता येणार नाही. कारण सरळ होतं. आमच्याकडे जुलैत मीठ बरणीत पाझरतं, तिथे तंबाखू कोरडी कशी राहील? तंबाखू ओली, वाफ जास्त, साचायची जागा तेवढीच. कुठल्याही कंडेन्सरला ड्रेन लागतो, याला नाही. दर दहा मिनिटांनी वाटी फिरवून काढायची आणि पाणी झटकायचं, हाच काय तो ड्रेन. थंड मुलखात बसून ज्याने हे आखलं, त्याला आमचा आषाढ कुठून माहीत असणार?

तंबाखू आधी तव्यावर हलकी शेकून घ्यायला लागलो (तवा जुना, वेगळा, हिने आधीच ताकीद दिली होती) तेव्हा गुरगुर निम्मी झाली. फिल्टरचीही तीच कथा. कोळशाचा फिल्टर उघड्यावर ठेवला तर हवेतली ओल आणि फोडणीचा वासही ओढून घेतो, आणि तुम्ही तोंडात धराल तेव्हा तो आधीच जेवून बसलेला असतो. एका फिल्टरचा भाव एका वडापावाएवढा, म्हणून जीवावर येतं. शेवटी ते घट्ट झाकणाच्या डब्यात, भाजलेल्या तांदळात पुरून ठेवले.

ऑगस्टमध्ये आटे धरले. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागून, वर खारा वारा आणि आत सतत ओल. जहाजावर पोऱ्यासुद्धा सांगेल की यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जाणार. पांढरी भुकटी धरून वाटी अशी जाम झाली की हाताने हलेना. कंपनीला फोटोसकट दोनदा लिहिलं, उत्तर नाही. रात्रभर रॉकेलचा थेंब, सकाळी गरम पाणी, मग फडक्यात धरून पिळलं तेव्हा कुठे सुटली, पण कड्याला चीर गेली. तेव्हापासून आट्यांना खोबरेल लावतो. हे कंपनीने पत्रकात एका ओळीत सांगायला काय हरकत होती?

सफाईसाठी मिळणारे केसाळ तारेचे काडे इथे मिळत नाहीत. मी झावळीची हीर घेतो, तिच्या टोकाला ओला कापूस गुंडाळतो. हीर वाकते, मोडत नाही आणि फुकट आहे. काम चोख होतं.

आता 'साफ' या शब्दाकडे येतो. याच्यावर माझं कंपनीशी खरं भांडण आहे.

मेडिकलमधून पाच मिलीची सिरिंज आणली आणि एका वाटीमागे दांडीत किती पाणी साचतं ते वहीत लिहायला लागलो. जुलैत पाऊण मिलीच्या आसपास भरायचं, डिसेंबरात अर्धाही भरत नाही. पहिल्यांदा ते बशीत काढलं तेव्हा गडद, चहाच्या चोथ्यातून दुसऱ्यांदा काढल्यासारखा रंग, वर तेलाची तकाकी. ओट्यावर बशी राहिली. थोड्या वेळाने पाहिलं तर काठाशी चार मुंग्या उलट्या पडलेल्या. मग डोक्यात आलं की मागे मिरचीवर मावा पडलाय. मगभर पाण्यात आठ-दहा थेंब टाकून फवारलं, दुसऱ्या दिवशी मावा खाली. पाइप घरात आल्यापासून हिने त्याचं केलेलं हे पहिलं आणि शेवटचं कौतुक. (तुम्ही करू नका. हे पाणी कातडीतूनही अंगात जातं. शिवाय हाताला तंबाखू लागलेली असली तर तिच्यातून मोझेकचा विषाणू मिरचीला जातो, हे मला शेजारच्या बागायतदाराने नंतर सांगितलं, तोवर दोन झाडांची पानं चितकबरी झाली होती.)

मी आधी खूश झालो, की बघा केवढी घाण अडली. आते तेव्हा पडवीत मशेरी लावत बसली होती. तिने बशी पाहिली, तोंडातलं बोट काढलं आणि म्हणाली, "धूर गार करून काय करतलंस? पोटात जातलो तो धूरच मां!" मशेरी लावणाऱ्या बाईने हे सांगावं! पण तिचं बरोबर होतं. दांडीत अडतं ते पाणी आणि पाण्याबरोबर येईल तेवढं. कोळसा आणखी थोडं धरतो, तेही त्याची भूक असेपर्यंत. कार्बन मोनॉक्साइड यातल्या कशालाच भीत नाही. तो दांडीवर साचत नाही, पाण्यात म्हणावा तसा विरघळत नाही, कोळशालाही चिकटत नाही. हुक्क्याचं तेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच सांगितलंय की हुक्क्याच्या एका बैठकीत शंभर किंवा जास्त सिगारेटींएवढा धूर आत जाऊ शकतो. पाणी असूनही.

मधल्या काळात मीही शहाणपणा केला, तो लपवत नाही. अ‍ॅक्टिव्हेटेड कोळसा नारळाच्या करवंटीपासून करतात हे माहीत होतं, आणि करवंट्यांना देवबागात काय तोटा? न्हाणीच्या चुलीत करवंट्या जाळल्या, कुटल्या, चाळणीने दाणे काढले, जुन्या फिल्टरच्या नळीत भरले. पहिल्याच झुरक्याला तोंड काळं. साधा कोळसा आणि तो कोळसा यांत फरक आहे. करवंटीच्या कोळशावर ८०० ते १००० अंशांत वाफ सोडतात तेव्हा त्याला लाखो बारीक भोकं पडतात, आणि एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग तयार होतो. आमच्या न्हाणीच्या चुलीवर पाणी तापतं, बस. आणि नळीतून दाणे सुटून छातीत जातात ही भीती मला चांगली समजते, जुन्या जहाजांवर वाफेच्या नळ्यांवरचं अ‍ॅस्बेस्टॉस (त्याचे बारीक तंतू छातीत जाऊन कॅन्सर करतात) मी पाहिलेलं आहे. १९५२ ते १९५६ या काळात अमेरिकेत केंट सिगारेटच्या फिल्टरमध्ये निळा अ‍ॅस्बेस्टॉसच घातलेला होता, आणि तो धूर सुरक्षित करतो म्हणून विकत होते. तेव्हापासून घरगुती फिल्टर बंद.

माझा एक बदल मात्र टिकला. चीर गेलेल्या कड्यावर ब्रायरची वाटी डगमगायला लागली, तेव्हा कुडाळच्या बाजारातून कुंभाराच्या मातीच्या चिलमी आणल्या, एकीचा खालचा भाग घासून दांडीत बसवला आणि सांध्याला ओली छापी, म्हणजे फडक्याचा तुकडा, गुंडाळली, चिलमीला गुंडाळतात तशीच. माती ओल पिते, माठासारखी. गुरगुर जवळजवळ गेली. चिलीम हाताला भाजते, धरायची पंचाईत होते, आणि एक पडून फुटली. पण एका वडापावात तीन येतात. दिसायला हे प्रकरण भयंकर आहे. भाचा म्हणाला, "मामा, हा पाइप नाही, हे नळाचं काम आहे." असू दे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात असा तो एकदम जमून गेला. कोरडा, गार, गोड. आणि इथेच घोटाळा झाला.

नोव्हेंबराच्या शेवटी दाढ दुखली म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गालाच्या आत टॉर्च फिरवला आणि विचारलं, "दिवसाला किती?" मी सवयीने दोन म्हणालो. घरी येऊन सिरिंजची वही उघडली. मेमध्ये दोन. जूनमध्ये, गुरगुरीमुळे, कधी दीड. नोव्हेंबरात पाच. ओळीने पाच-पाच. माझ्याच अक्षरात, आणि मला पत्ता नाही. जीभ भाजायची म्हणून मी दोनवर थांबत होतो. जीभ हा माझा ब्रेक होता, तो मी पैसे देऊन काढून घेतला. मी धूर छातीत घेत नाही, तोंडातच फिरवून सोडतो, म्हणून निवांत होतो. पण पाइपचा धूर अल्कलीधर्मी असतो, त्यातलं निकोटिन गालाच्या आतूनच रक्तात उतरतं, आणि कॅन्सर तोंडालाही होतो. मशेरीवाल्यांच्या गावात हे कुणी मला सांगायला नको होतं.

डॉक्टरांनी महिन्याने परत बोलावलं, गेलो, गालावर काही नाही म्हणाले. तरी सहा महिन्यांनी यायचंच आहे.

तर घ्यावा का? तुम्ही ओढताच आहात आणि जीभ भाजते एवढीच तक्रार असेल, तर धातूच्या दांडीचा कुठलाही पाइप ती दूर करेल, मात्र आट्यांत पितळ नसलेला बघा आणि समुद्राकाठी राहत असाल तर रोज पुसा. सिगारेट सोडून 'साफ' म्हणून याच्याकडे येत असाल, तर खोक्यावरच्या दोन शब्दांतला पहिला खरा आहे, दुसरा खोटा. पाच ताऱ्यांत किती, असं विचारलं तर कंडेन्सर म्हणून चार, गाळणी म्हणून एक, कंपनीची सेवा म्हणून शून्य.

सध्या मी एकावर आहे, तीही रोज नाही. वही चालू आहे. दांडी न्हाणीघराच्या खुंटीला टांगलेली आहे, तिथे ती पितळेच्या कड्याशिवायही पांढरी होत चालली आहे. उरलेले तेरा फिल्टर तांदळाच्या डब्यात आहेत. कुणाला हवे असतील तर येऊन घेऊन जा. डबा मात्र हिचा आहे, विचारून उघडा.