नीट रिपीट: पूर्ण ड्रॉप की बीएस्सीसोबत तयारी?

नीटचे, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे, मार्क कमी आले की घरोघरी एकच वाद सुरू होतो. वर्षभर ड्रॉप घ्यायचा, की बीएस्सीला प्रवेश घेऊन सोबत तयारी करायची?

बीएस्सीमुळे वर्ष वाया जात नाही, हा पालकांचा दिलासा खरा आहे. पण वेळापत्रक बघा. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी नीट मेच्या पहिल्या रविवारी झाली. दुसऱ्या सत्राची प्रॅक्टिकल्स, जर्नल्स आणि लेखी परीक्षा साधारण त्याच सुमारास अंगावर येतात, म्हणजे रोज पूर्ण पेपर सोडवायच्या दिवसांतच.

ड्रॉपमध्ये वेळ हाताशी असतो, पण तो कशासाठी हवा हे आधी ठरवा. ओएमआरची (गोल रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची) प्रत आणि उत्तरतालिका शेजारी ठेवून बसा. १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण. गळती तिथे असेल तर एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांची ओळन् ओळ वाचून ती बीएस्सी सांभाळूनही भरून निघते. अंदाजपंचे उत्तरांनी गुण कापले गेले असतील, तर नियमित टेस्ट सिरीज पुरते.

फिजिक्सचं मात्र वेगळं. त्यातले ४५ प्रश्न बहुतेक कोरे किंवा चुकलेले असतील, तर अकरावीपासून पाया घालावा लागतो. तिथे मी ड्रॉपच सुचवेन, आणि तोही मुलाला स्वतःला हवा असेल तरच. शेजारचा लातूरला क्लासला गेला म्हणून नको.