भिवंडीत पडलेल्या रीलला कस्टम ड्युटी कसली?

मासे गरवायच्या गळाची रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी, फोनवरून मागवली आणि ७,९८० रुपये गेले. ५०० बुकिंगचे, ६,३०० "माल निघतोय" म्हणून आणि १,१८० कस्टमचे. घरी हा आकडा सांगायला मला तीन आठवडे लागले. इथे पहिल्याच ओळीत सांगतोय, कारण नारळी पौर्णिमेच्या तोंडावर गरवणारे (गळाने मासे धरणारे) बरेच जण नव्या रीलच्या शोधात असतात आणि ही फसवणारी मंडळी नेमकी तेव्हाच जाहिराती सोडतात.

मी नवखा नाही. रेवदंड्याला साळाव पुलाखाली वडिलांबरोबर हातदोरीने गरवायचो, तिथपासून धरलं तर तीस वर्षं झाली. आमचा क्रम ठरलेला. पहाटे भरती-ओहोटीचं पाणी वळेपर्यंत लुर (नकली आमिष) फेकून ओढायचा, ऊन चढलं की जिवंत कोळंबी लावून बसायचं. पहिल्या कामाला हलकी आणि भराभर गुंडाळणारी रील लागते, दुसऱ्याला स्पूल (दोरीची फिरकी) मोकळा सोडणारी. जिताडा मासा कोळंबी घेऊन आधी थोडा सरकतो. त्या वेळी दोरीला ताण लागला तर सोडून देतो. शिमानो कंपनीच्या बेटरनर रीलला मागे खटका असतो तो एवढ्यासाठीच. खटका ओढला की दोरी मोकळी सुटते, मूठ फिरवली की तो आपोआप पडतो आणि पुढचा, खरा ड्रॅग, म्हणजे दोरीचा ब्रेक, लागतो. दोन रील घेण्याची ऐपत नाही, म्हणून ४००० साइझची अशी एकच घ्यायची ठरवलं. नुसत्या लुरला ती जड पडते, तासाभरात मनगट भरून येतं, पण दोन्ही कामं निभावतात.

दुकानात भाव ऐकून परत फिरलो होतो. दोन दिवसांत फोनवर जाहिरात आली: तीच रील, ६,८०० रुपये, "स्टॉक भिवंडीच्या गोडाऊनमध्ये रेडी". मी व्हिडिओ मागितला. तो आलासुद्धा. निळ्या फुलांच्या मेणकापडावर रील, एक हात खटका ओढतो, दोरी कर्रर्र करत सुटते आणि क्लिप संपते. मूठ फिरवून दाखवा म्हणालो, तर "दादा, पॅक झाली आता, सील तोडता येत नाही." जो भाग बघायचा तोच त्याने दाखवला नाही, आणि मी ऐकून घेतलं. रील फोनवर घेणार असाल तर मूठ फिरवतानाचा खटका बघितल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

पण खरी चूक इथे नाही. ६,३०० पाठवल्यावर चौथ्या दिवशी मेसेज आला: पार्सल न्हावा शेवा बंदरात कस्टममध्ये अडकलंय, १,१८० भरा, नाहीतर परत जाईल. मी दिवा स्टेशनला लोकलमध्ये उभा होतो, एका हाताने दांडा धरलेला, खांद्याला बॅग, मागून रेटा. महिनाअखेर होती, दिवसभर हिशेबात डोकं गेलेलं. पैसे पाठवायच्या स्क्रीनवर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, कुठल्या तरी माणसाचं होतं. मी ते नाव वाचलं. नीट वाचलं. आणि पिन टाकला. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये तयार पडलेला माल न्हावा शेवाला कशाला अडकेल? हा प्रश्न दहावीच्या पोराला पडला असता. मला तो घरी पोचून हातपाय धुताना पडला. गाडीत पिन टाकताना ६,८०० आधीच अडकले होते आणि १,१८० साठी ते बुडू द्यायचे का, एवढंच डोक्यात होतं. ज्यांचे पैसे असे अर्धे अडकलेत त्यांना हे कळेल. कस्टम ड्युटी कधीही कुणाच्या खाजगी यूपीआयवर भरायची नसते. ती भरल्याची रीतसर पावती असते.

पार्सल मात्र आलं. डबा हुबेहूब. आत बिल नाही, वॉरंटी कार्ड नाही. डब्यावर "१३+१ बेअरिंग" ठसठशीत छापलेलं. बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका, फुटकळ रीलवरच तो सर्वांत मोठा असतो. ड्रॅग पूर्ण आवळून स्पूल धरा आणि मूठ मागे ढकला. जराही मागे गेली तर रील तिथेच परत करा. माझी बोटभर मागे जात होती. नवी आहे, बसेल, असं मी मनाला सांगितलं. तिच्यावर १,४५० ची ब्रेड (विणलेली दोरी) भरली.

रेवदंड्याला पाणी वळता वळता कोळंबी उचलली गेली. दोरी सुटत गेली, दहा-बारा हात. मी मूठ फिरवली. खटका पडलाच नाही. पुन्हा फिरवली तर आतून कच्च असा आवाज आला आणि मूठ हातात मोकळी फिरायला लागली. दोरी पुलाच्या खांबावरच्या कालवांवर (शिंपल्यांवर) घासून तुटली. शेजारच्या काकांनी रील हातात घेतली, एकदा फिरवून बघितली आणि न बोलता परत दिली. घरी उघडली तेव्हा गिअरचे दात घासून सपाट झालेले होते, ग्रीसमध्ये पांढरट चुरा.

विक्रेत्याचा नंबर तोवर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर मिळाला. (पैसे गेल्या गेल्या, पहिल्या तासाभरात हा फोन करा, मी पाच दिवसांनी केला.) मग पोलीस स्टेशन. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी हवालदार म्हणाले, "वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा." नकली माल दिला ही फसवणूक नाही? कस्टमच्या नावाने घेतलेले १,१८० ही पण वस्तूच का? वर "मासे पकडायचं यंत्र आठ हजारांचं?" हा शेरा. माझे पैसे मी कशावर खर्च करावेत हे विचारायला मी गेलो नव्हतो. बँकेत गेलो तर बाईंनी स्क्रीनकडे बघतच सांगितलं, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, आमच्याकडून काही होणार नाही. समोरचं खातं कुणाचं, विचारलं, तर ते गोपनीय. चोराचं नाव गोपनीय, आणि माझ्याकडून आधार, पासबुक, अर्ज दोन प्रतींत! ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही, हे सगळं खरं. पण अर्जात समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता पोलीस काढत नाहीत, बँक देत नाही. मग मी तो कुठून आणायचा? चार रजा गेल्या यात, त्यांचा हिशेब वेगळाच.

चॅट, व्हिडिओ, डबा, तुटलेला गिअर, सगळं जपून ठेवलंय. तुम्हीही ठेवा, रागाने काही डिलीट करू नका.

काल रात्री त्याच रीलची जाहिरात पुन्हा दिसली. दुकानाचं नाव वेगळं, नंबर वेगळा, भाव ७,४९९. व्हिडिओ उघडला तर तेच निळ्या फुलांचं मेणकापड, तोच हात, आणि दोरी सुटली की तिथेच क्लिप संपते.