एका पॉवर फॉरवर्डसाठी घेतलेला सीझन पास: अख्खा हंगाम वापरल्यानंतर

एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या मॅच ऑनलाइन बघायचा पास घेतला होता. त्याचे पुढच्या हंगामाचे पैसे खात्यातून आपोआप कापल्याचा मेसेज आला आणि डोकंच फिरलं. आधी ईमेल नाही, फोन नाही, काही नाही. ज्या कंपनीमार्फत पास घेतला होता तिच्या कस्टमर केअरशी भांडून पैसे परत मिळवले, पण त्यात आठवडा गेला. प्रत्येक वेळी नवीन माणूस, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही घेणार असाल तर ऑटो-रिन्यूअल पहिल्याच दिवशी बंद करा, मग बाकीचं बघा.

पिक्चर क्वालिटी, किती डिव्हाइसवर चालतं, जुन्या मॅच किती दिवस राहतात हे सगळ्यांना माहीत आहे. मी 2024-25चा एनबीए हंगाम एकाच खेळाडूवर नजर ठेवून पाहिला: क्लीव्हलंड कॅव्हेलियर्सचा पॉवर फॉरवर्ड (रिंगच्या आसपास खेळणारा उंच खेळाडू) एव्हन मोबली. तरुण 'फोर' (पॉवर फॉरवर्डलाच असं म्हणतात) कुठवर जाईल हे हायलाइट्सवरून कळतं की पूर्ण मॅच बघावीच लागते, एवढाच माझा प्रश्न होता. संध्याकाळी मैदानावर शाळेच्या मुलांना शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला रोज पडतो.

मोबली 2021च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, तिसरा निवडला गेला, केड कनिंगहॅम आणि जेलन ग्रीनच्या मागे. पहिल्या वर्षी सरासरी 15 पॉइंट, 8.3 रिबाउंड. दुसऱ्या वर्षी 16.2 पॉइंट आणि थेट ऑल-डिफेन्सिव्ह फर्स्ट टीम, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पाच बचावपटूंत निवड. तिसऱ्या वर्षी दुखापतीमुळे 50 मॅच आणि 15.7 पॉइंट. म्हणजे तीन वर्षं पॉइंटचा आकडा जागचा हलला नाही. 'डिफेन्स भारी, पण ऑफेन्सला एवढंच' असं लोक उघड बोलू लागले होते. आणि त्याच 2024च्या उन्हाळ्यात टीमने त्याच्याशी पाच वर्षांचा, सुमारे 22.4 कोटी डॉलरचा करार केला. मी भाजी घेतानाही दोन ठिकाणी भाव विचारणारा माणूस. एवढे पैसे नेमके कशासाठी, हे मला बघायचं होतं.

आपल्याकडे क्लीव्हलंडची संध्याकाळची मॅच पहाटे साडेचार-साडेपाचला सुरू होते. पहिल्या काही आठवड्यांतच माझी नजर एका गोष्टीवर अडकली आणि हंगाम संपेपर्यंत सुटली नाही. तो बॉल पकडल्यावर थांबतो. कॉर्नरमध्ये किंवा तीन पॉइंटच्या रेषेबाहेर उभा असताना पास आला की बॉल छातीवरून कमरेपर्यंत खाली येतो, मान रिंगकडे वळते, खांदे ढिले पडतात आणि मग तो एक ड्रिबल टाकतो. तेवढ्यात डिफेंडर समोर येऊन उभा राहिलेला असतो. एवढा एक क्षण. हायलाइटमध्ये तो कधीच दिसत नाही, कारण थांबल्यावर पुढे काही घडतच नाही. बॉल परत गार्डकडे जातो, मिचेल किंवा गारलंड हे तेव्हाचे गार्ड काहीतरी करतात, आणि स्कोअरशीटवर या सगळ्याची खूण राहत नाही.

आणि हे फार महागात पडतं. त्याच्यासोबत जॅरेट ॲलन खेळतो, तो सेंटर, त्याला बाहेरून शॉट नाही. दोन उंच माणसं एकाच वेळी कोर्टवर असली की एकाला बाहेर उभं राहावंच लागतं, आणि बाहेर उभ्या राहणाऱ्याने पास आल्या आल्या शॉट घ्यायला हवा. नाहीतर विरोधी टीमचा मोठा खेळाडू बिनधास्त पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात, उभा राहतो. 2023च्या प्लेऑफमध्ये न्यूयॉर्कने क्लीव्हलंडला 4-1ने घरी पाठवलं तेव्हा पेंटमधली ती गर्दी सगळ्यांनी पाहिली होती.

नोव्हेंबरमध्ये टीम 15-0 होती. सगळे खूश, आणि मी त्या थांबण्यावर चिडलेला. तेव्हा हा रिव्ह्यू लिहिला असता तर 'पैसे वाया' असंच लिहिलं असतं.

डिसेंबरपासून मात्र मत बदलत गेलं. शार्लटविरुद्ध त्याने 41 पॉइंट केले, त्याच्या करिअरमधले तोवरचे सर्वाधिक. पण माझं मत 41मुळे बदललं नाही. त्याला बॉल कुठे मिळतोय हे नीट पाहिल्यामुळे बदललं. हंगामाआधीच्या उन्हाळ्यात आधीचे कोच बिकरस्टाफ गेले आणि केनी ॲटकिन्सन आले होते. त्याआधी मोबली बहुतेक वेळ बेसलाइनजवळ नाहीतर कॉर्नरमध्ये पासची वाट बघत असायचा. आता रिबाउंड घेतला की तो गार्डला शोधत बसत नाही, स्वतःच ड्रिबल करत बॉल पुढे आणतो. वर, मध्यभागी बॉल हातात घेऊन रिंगकडे धावत जाणाऱ्या सहकाऱ्यांना पास देतो. आणि असा चालत्या पायांनी येतो तेव्हा ते थांबणं गायब! पावलं सुरू असतात तेव्हा डोकं आधीच पुढे पोचलेलं असतं. उभा असतो तेव्हाच त्याला विचार करायला वेळ मिळतो, आणि तोच वेळ घात करतो.

म्हणजे खोट मनगटात नव्हती. 2023-24मध्ये तो मॅचमागे 1.2 तीनचे शॉट मारायचा, 37 टक्क्यांनी. 2024-25मध्ये 3.2 मारले, तरी टक्केवारी तीच, 37. जवळपास तिप्पट शॉट घेऊनही ती पडली नाही, ही त्याच्याबद्दलची सगळ्यात मोठी बातमी होती आणि तिच्यावर फारसं कुणी बोललं नाही. सरासरी 18.5 झाली, ऑल-स्टार झाला, टीमने 64 मॅच जिंकल्या.

मैदानावरच्या मुलांमध्ये एक उंच पोरगा आहे, त्याचंही अगदी असंच होतं. त्याला मी आता कॉर्नरमध्ये उभा करत नाही, रिबाउंडनंतर बॉल त्यालाच आणायला लावतो. सुधारतोय.

डिफेन्सबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे वाद नाही. 2025चा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर तोच, क्लीव्हलंडच्या इतिहासातला पहिला. त्या पुरस्कारामुळे करारातलं कलम लागू झालं आणि रक्कम सुमारे 26.9 कोटी डॉलरवर गेली. ब्लॉकच्या आकड्यांवर जाऊ नका, त्याचे पाय बघा. 2024च्या प्लेऑफमध्ये ऑरलँडोविरुद्ध पाचव्या मॅचला शेवटची काही सेकंदं उरली होती, क्लीव्हलंड एका पॉइंटने पुढे. फ्रान्झ वॅगनर रिंगकडे घुसला. मोबलीने घाईने उडी मारली नाही. बॉल वॅगनरच्या हातातून सुटेपर्यंत थांबला आणि मग वरच्या वर अडवला. 104-103. बॉल हातात असताना जे थांबणं त्याचं नुकसान करतं, तेच डिफेन्समध्ये त्याचं सगळ्यात मोठं शस्त्र आहे. हे मला पूर्ण मॅच बघूनच उमगलं, आणि माझ्या पैशांचा मोठा भाग इथेच वसूल झाला.

आता तक्रार. फ्री थ्रो. पहिल्या वर्षी 66 टक्के, चौथ्या वर्षी 72.5. सुधारणा आहे, पण फार संथ. पेंटमध्ये इतक्या वेळा जाणाऱ्या माणसाला हे परवडत नाही. शिवाय खालच्या अंगाची ताकद अजून कमी पडते. जाडजूड सेंटरने कंबरेला रेटा दिला की तो रिंगपासून दोन पावलं दूर ढकलला जातो आणि सोपा शॉट अवघड होऊन बसतो.

प्लेऑफमध्ये मायामीला 4-0ने लोळवलं, त्यातली शेवटची मॅच 55 पॉइंटने. मग इंडियाना. पहिल्या मॅचमध्ये मोबलीचा घोटा मुरगळला, दुसरी मॅच तो खेळू शकला नाही आणि ती एका पॉइंटने गेली. मालिका इंडियानाने 4-1ने जिंकली. इंडियाना इतक्या वेगाने खेळते की उभं राहून विचार करायला कुणाला फुरसत नसते. परत आल्यावर काही वेळा कॉर्नरमध्ये बॉल पुन्हा कमरेपर्यंत खाली आलेला मला दिसला. दुखऱ्या पायामुळे की सवयीमुळे, एवढ्या मॅचवरून सांगता येत नाही.

तर माझं मत असं. हा खेळाडू टीमचा क्रमांक एकचा स्कोअरर होईल असं मला वाटत नाही, आणि तो व्हावा अशी अपेक्षा धरून त्याला मोजणं चूक आहे. पण तो जिंकणाऱ्या टीमचा कणा होऊ शकतो, चोवीस वर्षांचा होण्याआधीच बऱ्यापैकी झालाय. ॲलन बेंचवर असताना मोबली सेंटर म्हणून खेळतो ती मिनिटं जास्त बघा, खरा अंदाज तिथे येतो.

पास पुन्हा घेणार, पण सगळ्या तीस टीमचा नाही. एकाच टीमचा स्वस्त पर्याय असेल तर तोच घेईन, दुसऱ्या विक्रेत्याकडून आणि कार्ड सेव्ह न करता. हायलाइट्सवर भागतं म्हणणाऱ्यांनी निदान एका मॅचचा दुसरा क्वार्टर सलग बघावा, बॉल सोडून फक्त एका फॉरवर्डवर नजर ठेवून.